इतिवृत्ताची वही

पहिली वही नॉर्वेजियनमध्ये आहे.
मला ती वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात.
गहू, बावीस पोती. लोणी, एक मडकं.
विटा, ज्याच्या त्याच्या घोडागाडीतून.
एका विधवेने विकलेल्या शिवणयंत्राचे अकरा डॉलर:
नाव पुसट, रक्कम ठळक.

असं उभं राहिलं हे विद्यापीठ
डाकोटाच्या सपाट गवतात,
जिथे वाऱ्याला अडवायला एक झाडसुद्धा नव्हतं.
आधी फक्त पाद्री घडवायला.
दोन वर्षांनी मुलींनाही प्रवेश,
पाद्र्यांना शिकलेल्या बायका मिळाव्यात म्हणून.
हे कारण वहीत नाही, हे ऑस्लाउगबाईंनी सांगितलं.

जमिनीबद्दल एकच वाक्य आहे.
एका विद्यार्थ्याने मला त्याचा अर्थ लावून दिला:
‘जमीन मिळाली.’
कोणाकडून, ते नाही.
गवताला विचारावं तर ते कापून झालंय.

ऑस्लाउग ट्वेटन, कुलसचिवांच्या चिटणीस,
एक्केचाळीस वर्षं.
अक्षर असं, की सुताराने रंधा मारून ठेवावा.
१९१७च्या नोव्हेंबरात वही अचानक इंग्रजी होते,
या पानावरून त्या पानावर, खुलासा नाही.
त्या साली परकी भाषा ऐकली की
अख्खं गाव वळून बघायचं.
रात्री अंथरुणाशी गुडघे टेकल्यावर मात्र
देवाशी जुन्याच भाषेत.

मार्च १९२६, ठराव क्रमांक अकरा:
‘प्रा. टॉर्गेर ब्रोटेन यांचा राजीनामा स्वीकारण्यात आला.’
आणि खाली
चार कोऱ्या ओळी.

बाई जागा वाया घालवणाऱ्यातल्या नव्हत्या.
आलेले लिफाफे उसवून, उलटे करून वापरायच्या.

ब्रोटेन भूगर्भशास्त्र शिकवायचे.
त्यांनी वर्गात नदीतला एक दगड फिरवला
आणि म्हणाले, नीट धरा,
हा आपल्या सगळ्या हिशेबांपेक्षा जुना आहे.
बस, एवढंच. हिशेब म्हणाले होते. ग्रंथ नव्हे.
आठवड्याच्या आत सिनॉडच्या अध्यक्षांचं पत्र आलं.
सात विरुद्ध सहा.
सातवा हात बाईंच्या वडिलांचा.
त्या रात्री जेवताना ते म्हणाले,
बटाटे खारट झालेत.
पुढे मरेपर्यंत त्या विषयावर
त्या घरात तेवढंच बोलणं झालं.

(तो दगड अजून आहे.
दप्तरखान्याचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावतो.)

गेल्या मंगळवारी विश्वस्त मंडळ बसलं.
तेरा खुर्च्या त्याच, पाद्री आता तिघेच;
बाकी बँकवाले, इस्पितळवाले,
आणि टर्की कापून डबाबंद करणारे एक गृहस्थ,
ज्यांच्या नावाचं व्यायामगृह आहे.
चर्चचं अनुदान, एकेकाळी निम्मा खर्च भागवणारं,
आता ऑर्गनचे सूर जुळवण्यापुरतं उरलंय.
ठराव: सिनॉडशी असलेलं नातं
परस्पर संमतीने संपुष्टात आणावं.
‘परस्पर’ या शब्दावर कोणी अडलं नाही.

पास्टर येर्डिस लुंडे पेनाचं टोपण
लावत होत्या, काढत होत्या.
बाजूने हात वर गेले, त्यांचा नाही.
विरोधात कोण, विचारलं, तेव्हाही नाही.
मग त्यांनी खिडकीकडे बघून विचारलं,
घंटा कोण वाजवणार?
अध्यक्ष म्हणाले, तो विषय पत्रिकेवर नाही.

मी लिहिलं: ठराव मंजूर.
मग चार ओळी सोडल्या.
संगणकाने त्या आपोआप मिटवल्या.
पुन्हा सोडल्या, पुन्हा मिटल्या.
मोकळ्या जागेचं त्याला वावडं आहे,
मंडळालाही असतं.

शेवटी प्रत छापून घेतली,
पट्टी शोधली,
आणि पेन्सिलने, सहीच्या वर,
चार रेघा आखल्या.
वाकड्या आल्या. माझा हात काही
ऑस्लाउगबाईंचा नव्हे.